पत्त्याच्या पानाएवढी जागा

बयो,

परवा फोनवर म्हणालीस, आईच्या कपाटातनं निघालेली पिशवी तशीच पडून आहे. टाकवत नाही आणि तिचं काय करावं तेही सुचत नाही. लग्नपत्रिकांचे तुकडे, काडेपेट्यांवरची लेबलं, विरलेल्या साड्यांचे काठ, बटणांचा डबा, एस.टी.ची जुनी तिकिटं, वाण्याच्या याद्या. मग विचारलंस, "ताई, या सगळ्याचं मिळून हॉलच्या भिंतीसाठी एक मोठं कोलाज करू का?" तेवढ्यात तुझा लेक उठला आणि बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मोठं करू नकोस. छोटं कर. पत्त्याच्या पानाएवढं, फार तर अर्ध्या पोस्टकार्डाएवढं.

का ते सांगते. तीन फुटांचा बोर्ड समोर आला की आपण तो भरायला घेतो. इथे एक तिकीट, तिथे एक काठ, कोपरा ओका दिसतोय म्हणून वर चार बटणं. शेवटी पिशवीतलं सगळं भिंतीवर येतं आणि त्यातलं काहीच नजरेत भरत नाही. पत्त्याच्या पानावर तीन-चार तुकड्यांपलीकडे जागाच नसते. मग निवडावं लागतं. निवडायचं म्हटलं की तुकडा हातात घेऊन नीट बघावा लागतो. अंजिरी काठातला एक उभा दोरा हिरवा आहे, हे आईने ती साडी नेसलेली असताना आपल्याला कधी दिसलं होतं का? मला तर ते काठाचा दोन इंची तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवल्यावरच दिसलं. मला या कामात एवढं गुंतवून ठेवलंय ते या बघण्याने, चिकटवाचिकटवी नंतरची.

आणखी एक सांगायचंय, ते जरा आग्रहानेच. शाळेत आपल्याला 'टाकाऊतून टिकाऊ' होतं ना, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीची फुलदाणी. त्यात वाईट काही नाही, पण इथे त्या वाटेने जाऊ नकोस. तिकिटाचं फुलपाखरू करू नकोस. बटणांची फुलं करू नकोस. तिकीट तिकीटच राहू दे. कंडक्टरच्या चिमट्याने पडलेलं भोक, पैशांचा आकडा, घडी घालून घालून पांढरी पडलेली मधली रेघ, हे सगळं त्या कागदाचं स्वतःचं आहे. तू फक्त त्याला अशा जागी ठेवायचं की बघणाऱ्याची नजर त्या भोकापाशी जाऊन थांबेल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जर्मनीत हानोव्हरला कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार होता, जन्म 1887 चा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा सगळं मोडून पडलेलं होतं, आणि हा माणूस रस्त्यावरची ट्रामची तिकिटं, वेष्टनं, जाहिरातींचे कपटे, तारांचे तुकडे गोळा करून त्यांची चित्रं करायला लागला. त्याच्या कित्येक चित्रांत तिकिटाचा नंबर आजही स्वच्छ वाचता येतो. पुढे नाझींनी त्याच्या कामाची जाहीर विटंबना केली. 1937 मध्ये तो नॉर्वेला गेला आणि 1940 मध्ये तिथूनही पळून ब्रिटनमध्ये पोचला. तिथे जर्मन म्हणून त्याला आयल ऑफ मॅनच्या छावणीत डांबलं. देश बदलले, भाषा बदलली, पण जिथे जाईल तिथले कपटे उचलून तो काम करतच राहिला. 1948 च्या जानेवारीत तो इंग्लंडातच वारला.

आता तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली गोष्ट. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत त्याच्या कोलाजांचं प्रदर्शन लागलं होतं. ॲन रायन नावाची बाई ते बघायला गेली. वय अठ्ठावन्न. तीन मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळी झालेली, कविता लिहायची, थोडी चित्रं आणि लाकडी ठशांची छपाईही करायची. ते प्रदर्शन बघून ती घरी आली आणि त्याच दिवशी टेबलाशी बसून कोलाज करायला लागली, असं तिच्या मुलीने सांगून ठेवलंय. 1954 मध्ये ती गेली. मधल्या सहाएक वर्षांत तिने चारशेच्या आसपास कोलाजं केली. बहुतेक सगळी छोटी, कितीतरी तर आपल्या वहीच्या पानाहूनही लहान. कापडाचे तुकडे, हातकागद, वेष्टनांचे कपटे, सुटलेले धागे. तिची चित्रं कधी मोठी करून बघ. विरलेल्या सुती कापडाचा एक चौकोन, शेजारी करडा कागद, कडेला जेमतेम दिसणारी जांभळी चीर. बस्स. कापडाची वीण कुठे दाट, कुठे विरळ, एवढ्यावर अख्खं चित्र उभं राहतं. तिने बहुतेकांना नावंही दिली नाहीत, नुसते नंबर. तू म्हणतेस ना, "माझ्या हातात चित्रकला नाही गं"? या कामाला चित्र काढणारा हात लागत नाही. चिंधी ओळखणारी नजर लागते. ती ज्या बायकांनी आयुष्यभर साड्या, पोती, पडदे, परकर हाताळले त्यांच्याकडे असते. तुझ्याकडे आहे. पडद्याचं कापड घेताना चिमटीत धरून वजन बघतेस तू, दुकानदार काय सांगतो ते ऐकतसुद्धा नाहीस.

आपल्याकडेही हे नवं नाही. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरींना लोक टिकल्या, जर, खऱ्या कापडाची साडी चिकटवून नटवायचे. तशा तसबिरी आजही जुन्या बाजारांत दिसतात. मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. चेहरा आणि हात तसेच छापील ठेवायचे, कापड फक्त साडीला. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळलेलं होतं. नंतर साठच्या दशकात भूपेन खक्खरांनी देवादिकांच्या बाजारी छापील चित्रांचीच कात्रणं वापरून कोलाजं केली. आणि शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी! पन्नाशी ओलांडल्यावर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर ते बोटांनी चाचपत कागद कापून कोलाजं करत होते. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 1972 मध्ये माहितीपट केलाय, 'द इनर आय'. लेक झोपला की बघ.

आता हाताशी काय लागतं ते. पिशवी उलटी करून रंगांप्रमाणे डबे लावत बसू नकोस, त्यात दिवस जातो आणि हात दमतो. तीन जुनी पाकिटं घे. एकात उजळ तुकडे, एकात गडद, एकात मधले. डोळे किलकिले करून बघितलंस की कुठला कुठे ते लगेच कळतं. शंका आली तर मोबाइलने काळापांढरा फोटो काढ. लाल आणि हिरवा नुसत्या डोळ्याला किती वेगळे दिसतात, आणि काळ्यापांढऱ्यात पुष्कळदा एकच करडा! लहान चित्र फसतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. रंग सुंदर असतात, पण सगळे एकाच वजनाचे.

मग खिडकी कर. जाड लग्नपत्रिकेच्या मधोमध पत्त्याच्या पानाच्या मापाचा चौकोन काप, साधारण 64 बाय 89 मिलिमीटर. परदेशात या मापाची छोटी चित्रं करून एकमेकांत अदलाबदल करणारे लोक आहेत, कुणी विकत नाही, नुसती देवघेव. म्हणून हे माप हाताशी असलेलं बरं. ही खिडकी तुकड्यांच्या पसाऱ्यावरून हळूहळू सरकव. एखाद्या जागी तू आपोआप थांबशील. काडेपेटीवरच्या लेबलाचा अर्धा वाघ, त्याच्या पाठीमागे जरीची कड, खाली कोरा तपकिरी कागद. तुझी मांडणी तुला मिळाली. हे बसून विचार करण्यापेक्षा कितीतरी बरं. मी अजूनही सुरुवात अशीच करते.

मांडताना एक तुकडा मोठा आणि गप्प असू दे, एक बोलणारा, आणि एखादा अगदी बारका. दोन बोलणारे शेजारी आले की भांडतात. जरीचा मोर आणि काडेपेटीचा वाघ एकाच पानात नकोत, कितीही मोह झाला तरी. आणि मोकळी जागा सोड. आजी पंगतीत ताट वाढायची ते आठवतंय? मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आणि मधे भातासाठी राखलेली जागा. ती जागा होती म्हणून ताट ताट दिसायचं.

कापायचं की फाडायचं, हेही ठरवून कर. कात्रीची कड ठाम दिसते, फाडलेली मऊ. छापील रंगीत कागद आपल्या दिशेने ओढून फाडलास तर एका बाजूच्या तुकड्याला आतला पांढरा गर दिसतो आणि दुसऱ्याच्या कडेपर्यंत रंग राहतो. कुठला पाहिजे ते बघून घे. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं फाडायला गेलीस की वाकडंतिकडं जातं, कारण कागदाचे तंतू एकाच दिशेला असतात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर आधी करून बघ. साडीचा काठ कापण्याआधी मात्र जिथे कात्री चालवायची तिथे उलट्या बाजूने चिकीची बारीक रेघ ओढून वाळू दे, नाहीतर जर सुटत जाते आणि हातात नुसता गुंता राहतो.

चिकीबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथेच नासाडी होते. फेव्हिकॉल घट्ट धरतो, बटणं आणि पुठ्ठ्यासाठी तोच घे. पण पातळ कागदाला आणि आईच्या वस्तूंना मैद्याची खळ लाव. एक वाटी पाण्यात दोन-तीन चमचे मैदा गुठळ्या न होता कालव, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन थोडी काचेसारखी दिसायला लागली की उतरव, गार झाली की मलमलीतून गाळ. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, वास बदलला की टाकून दे. खळीचा मोठा गुण असा की उद्या तुला तो तुकडा काढावासा वाटला तर कागद किंचित ओलसर केला की सुटतो. फेव्हिकॉलने बसलेला फाटूनच निघतो. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. तू घालू नकोस, ते विषारी असतं आणि घरात रांगतं पोर आहे. त्याऐवजी केलेली चित्रं कोरड्या जागी ठेव, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाक, आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघ. कसर लागते ती आधी खळीच्याच वासाने येते.

खळ तुकड्याला लावायची, खालच्या पाटीला नाही. मधून कडेकडे, पातळ. लावल्यावर मिनिटभर थांब, कागद पाणी पिऊन पसरतो, पसरला की मगच बसव. लगेच बसवलास तर पाटीवर जाऊन पसरतो आणि त्याच्या सुरकुत्या पडतात. वर बटर पेपर, त्यावर दोन जाड पुस्तकं, रात्रभर. पाटी म्हणून बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालेल, पण पुढे चिकटवलंस तेवढाच कागद मागेही चिकटव, नाहीतर वाळताना पुठ्ठा ओढला जाऊन वाकतो.

हल्लीच्या मशीनच्या तिकिटांवर भरवसा ठेवू नकोस. बसची, पेट्रोलपंपाची, दुकानाची ती गुळगुळीत बिलं उष्णतेने छापलेली असतात, थोड्या दिवसांत अक्षरं उडून कोरी होतात. एखादं ठेवावंसं वाटलं तर त्याची झेरॉक्स वापर. वर्तमानपत्र पिवळं पडणार हे धरूनच चाल. पिवळं हवं असेल तरच लाव.

वस्तू लावायच्या असतील तर काडेपेटीचा आतला खण घे. खोली आयती मिळते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जोसेफ कॉर्नेल नावाचा माणूस आईबरोबर आणि आजारी भावाबरोबर एका साध्या घरात राहायचा. कलाशाळेत कधी गेला नाही, पण काचेच्या पेट्यांत मातीचे पाइप, नकाशे, पक्ष्यांची चित्रं मांडून त्याने जे केलंय ते आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. तळघरात त्याने वस्तूंचे डबेच्या डबे नावं घालून ठेवले होते. तुझ्या खणात एक बटण, एक धागा आणि मागे नकाशाचा तुकडा पुरे. बटण नुसतं चिकटवू नकोस, दाभणाने पुठ्ठ्याला भोक पाडून दोऱ्याने शिवून टाक, मग ते शंभर वर्षं हलत नाही. शिंपले आणलेस तर गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून मीठ काढ. बिया आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेव, आतली कीड मरते. आणि गुंजा अजिबात नकोत. लाल-काळ्या, दिसायला लाखात एक, पण चावली गेली तर जिवावर बेतते. लेक मोठा होईपर्यंत त्यांचं नावही काढू नकोस. गंजलेली टाचणी, स्टेपल कागदाजवळ ठेवू नकोस, दमट हवेत तिचा डाग कागदात उतरतो. पण गंजाचा डाग आधीच पडलेला कागद मिळाला तर मात्र जपून ठेव, तो रंग कुठल्या डबीत मिळत नाही.

वेळ कुठून काढू, असं म्हणशील. सगळं एका परातीत मांड. लेक झोपला की परात खाली, उठला की परात कपाटावर. वीस मिनिटांत चिकटवून होत नाही, पण दोन तुकडे एकमेकांशेजारी ठेवून बघणं होतं. मांडणी एक-दोन दिवस न चिकटवता तशीच राहू दे. सकाळी चहा पिताना नजर टाक. एखादा तुकडा डोळ्यांत खुपला की काढ. बहुतेक वेळा काहीतरी काढलं की चित्र सुधारतं, घातल्याने क्वचित.

दुकानात हल्ली कोलाजसाठी तयार कपट्यांची पाकिटं मिळतात, जुनी दिसणारी तिकिटं, नकली पोस्टाचे शिक्के. ती घेऊ नकोस, बयो. त्यांच्यावर कुणाच्या हाताचा घाम नसतो. अगदीच काही हवं वाटलं तर पुण्याला आलीस की रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जाऊ. आणि शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची, तिथले कागद पाटीसाठी फार चांगले.

आता ज्यासाठी तू खरं तर फोन केला होतास, आणि जे तू विचारलं नाहीस, ते. आईच्या अक्षराचं काय करायचं?

तिची पत्रं कापायची नाहीत. एकही नाही. पत्राला सुरुवात आहे, शेवट आहे, ते कुणाला तरी लिहिलेलं आहे. त्याचा तुकडा केला की बोलणाऱ्या माणसाला मधेच तोडल्यासारखं होतं. पत्रातली एखादी ओळ हवीच असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढ आणि ती वापर. मूळ पत्र घडी न घालता फाइलमध्ये. पण वाण्याच्या याद्या काप. खुशाल काप. 'तूरडाळ 2 किलो, गूळ, साबण 3, उदबत्ती', पुढे तिने केलेली टिक, आणि एखाद्या ओळीवर काट, बहुधा पैसे पुरले नाहीत म्हणून. ती यादी त्या दिवशीच टाकायची होती. ती राहिली हेच नवल. तिच्यातला 'उदबत्ती'एवढा तुकडा अर्ध्या पोस्टकार्डावर एकटा लाव, बाजूला काहीही नको, फार तर अंजिरी काठाची एक बारीक पट्टी. हे करताना रडू आलं तर येऊ दे. मी केलं तेव्हा मलाही आलं, आणि काम थांबलं नाही.

सुरुवात मात्र तिथून करू नकोस. पहिली थोडी चित्रं परक्या कपट्यांची कर, काडेपेटी, चहाचं पाकीट, जुनं कॅलेंडर. हात खळीला सरावू दे, कुठला कागद किती पाणी पितो ते कळू दे, मगच आईच्या पिशवीकडे वळ.

प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने लिही, काय कुठून आलं आणि कधी केलं. बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. 'काठ, आईची अंजिरी इरकल. तिकीट, चिपळूण.' एवढं पुरे. तुझ्या लेकाला पुढे ते तिकीट कुणाचं हे सांगायला आपण दोघी असूच असं नाही. आणि पहिलं झालं की मला पोस्टाने पाठव, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, चारी बाजूंनी टेप मारून. माझ्याकडे तुझ्यासाठी एक तयार आहे, ते उलट टपाली येईल. त्याच पाकिटात आईच्या निळ्या ब्लाउजची बटणं घालते. पाच होती, दोन मी ठेवली आहेत.

तुझी,
ताई